रजिस्टरात नसलेला अंधार

"ऐकू सगळ्यांना आलं होतं. नाही आलं असं जो म्हणतो तो खोटं बोलतो. आणि तो आजही सुखानं जेवत असेल, झोपत असेल, नातवंडांना होळीच्या गोष्टी सांगत असेल."

काका हे कुणाला बोलले, ते आम्हाला कळेना. आमच्याकडे ते बघतही नव्हते.

होळी दुसऱ्या दिवशी होती. चौकात लाकडांचा ढीग रचून झाला होता आणि मागच्या गल्लीतली पोरं तो पळवतील म्हणून आम्ही तिघं राखण करत होतो. त्यातलं निम्मं लाकूड आम्हीच इकडून तिकडून उचललेलं, त्यामुळे चोरीबद्दल बोलायला आम्हाला तोंड नव्हतं. पंडित होता, त्याला पंडित म्हणतात कारण तो इतिहास शिकतो आणि न विचारता सांगतो. वकील होता, तो वकील नाही, फक्त वादात हरत नाही. तिसरी मी. समोरच्या ओट्यावर ऑपरेटरकाका बसले होते. तीस वर्षं सबस्टेशनवर रात्रपाळ्या केलेला माणूस; निवृत्त झाला तरी झोप काही रात्रीची झाली नाही. साडेअकरा वाजले होते. चंद्र पूर्ण व्हायला एका रात्रीचा अवकाश होता.

त्याआधी पंडित होळी कुठून आली ते सांगत होता.

"राजाचा मुलगा ऐकेना. बापाचं सोडून देवाचं नाव घेतो. राजाची बहीण, म्हणजे पोराची आत्या, तिला वर होता की आग जाळणार नाही. ती पोराला मांडीवर घेऊन बसली, खालून पेटवलं. पोरगा वाचला, आत्या जळाली. होलिका तिचं नाव."

"हे चौथीत झालं," वकील म्हणाला. "बोंब का मारायची ते सांग."

"ती वेगळी गोष्ट. ढुंढा नावाची राक्षसीण होती, लहान पोरांना छळायची. तिला देव मारू शकत नव्हते, माणूस मारू शकत नव्हता, शस्त्र चालत नव्हतं. भीती एकाच गोष्टीची, पोरांच्या आरडाओरड्याची. मग राजाला सल्ला मिळाला की लाकडं गोळा करा, पेटवा, तीन फेऱ्या मारा आणि तोंडाला येईल ते ओरडा. त्या आवाजानं ती गेली."

"म्हणजे दोन्हीकडे बाईच," मी म्हणाले. "आणि हुकूम सोडणारा राजा बाजूला उभा."

"तिसऱ्या गोष्टीत पुरुष जळतो. मदन. शंकरानं डोळा उघडला आणि राख."

"त्याच्या बायकोनं रडून त्याला परत मिळवला. आत्यासाठी कोण रडलं?"

"तू भांडायलाच आलीस का राखणीला?" वकील म्हणाला आणि त्यानं विषय बदलला. "काका, तुमची ऑफिसात ओळख आहे ना? उद्या आठ वाजता तेवढी लाइट घालवायला सांगा. वर तारा आहेत. शिवाय अंधारात जाळ झकास दिसतो."

तेव्हा काका ते 'ऐकू सगळ्यांना आलं होतं' बोलले. मग जे बोलले, ते त्यांच्याच शब्दांत देते.

*

मी तेव्हा दुसऱ्या गावी होतो. सहा वर्षं झाली. आमच्या भागाला एक वायरमन होता. सगळे त्याला वायरमनच म्हणायचे. बायको होती तोवर तीही म्हणायची, "वायरमन, जेवायला चला." ती गेली, मूलबाळ नव्हतं, मग माणूस कामातच राहिला.

कामाला चोख. ट्रान्सफॉर्मरखाली लोखंडी पेटी असते, डीपी म्हणतात तिला. तिच्यात चिनी मातीच्या मुठीसारखे फ्यूज असतात. ते उपटले की पुढची गल्ली बंद. पण उपटून तिथंच ठेवले आणि कुणा शहाण्यानं परत बसवले, तर खांबावर चढलेला माणूस खलास. म्हणून हा फ्यूज काढून पिशवीत टाकायचा आणि पिशवी खांद्याला. "लाइट माझ्या काखेत आहे," म्हणायचा.

आमचा बोळ एका टोकाला बंद होता. दुसऱ्या टोकाला चौक. होळी चौकात. म्हणजे होळी पेटली की बोळातून बाहेर पडायची वाटच नाही. बंद टोकाला तीन मजली घर होतं आणि वरच्या मजल्यावर एक बाई राहायची, शिवणकाम करणारी. भाऊ जहाजावर. भावजय बाळंतपणात गेली. पोरगी वाचली, पण छाती कच्ची. ती पोर या आत्यानं सांभाळली. सहा वर्षांची, अंगानं तीनची. दिवसभर आत्याच्या बटणांच्या डब्यात हात घालून बसायची, म्हणून नाव पडलं बटण.

बटणच्या नाकात नळी असायची आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन. विजेवर चालणारं. त्याचा आवाज जिन्यात यायचा. फुस्स… धप्प. फुस्स… धप्प. आपण दोन मिनिटं उभे राहिलो की आपलाही श्वास त्याच चालीवर पडायला लागायचा.

वायरमन एकदा त्यांचा प्लग दुरुस्त करायला गेला. बटण म्हणाली, "काका, लाइट जाते तेव्हा कुठं जाते?"

"माझ्या पिशवीत."

"दाखवा."

त्यानं फ्यूज काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं दोन्ही हातांनी धरला, कानाला लावला. मग म्हणाली, "ही तर गार आहे."

"झोपलीय ती," वायरमन म्हणाला.

हे त्यानं मला दहा वेळा तरी सांगितलं असेल. हसत सांगायचा. तेव्हा.

निघताना आत्या म्हणाली, "दादा, एक करा. लाइट बंद करायची असेल त्या दिवशी मला अर्धा तास आधी फोन करा. इन्व्हर्टर आहे, पण बॅटरी म्हातारी झालीय, वीस मिनिटंच टिकते. आधी कळलं तर मी छोटा सिलिंडर भरून आणते. मग दिवसभर घालवा, माझी तक्रार नाही."

ऑफिसात एक रजिस्टर असतं. कुठली लाइन, किती वाजता बंद, किती वाजता चालू, कशासाठी, सही. वायरमननं त्या रजिस्टरच्या आतल्या पुठ्ठ्यावर लाल पेनानं तिचा नंबर लिहिला. वर लिहिलं, आधी फोन. पुढची दोन वर्षं त्यानं एकही फोन चुकवला नाही. आत्या त्याला म्हणायची, "सख्ख्या भावाचा फोन महिन्यातून एकदा येतो, तुमचे चार येतात."

"मग झालं काय?" वकील म्हणाला.

होळी झाली.

आता नीट ऐका, सगळं इथंच आहे. दर वर्षी होळीला आठ वाजता आमच्या बोळाची लाइट घालवायचे. पण ते काम नव्हतं. त्याला कुणाची परवानगी नव्हती, वेळ नव्हती, सही नव्हती. मंडळातलं कुणीतरी येऊन सांगायचं, "वायरमन, आठला हं." हा म्हणायचा, "बरं." रजिस्टर उघडायचा प्रश्नच नाही. आणि नंबर रजिस्टरात. आणि रजिस्टर कपाटात. आणि ऑफिसला सुट्टी.

"पण विसरला कसा?" मी विचारलं. "दोन वर्षं फोन करणारा माणूस?"

विसरला नाही गं. विसरायला आधी आठवावं लागतं. लाइन बंद करणं हे काम. होळीला लाइट घालवणं ही गंमत. त्याच्या डोक्यात ते दोन कप्पे होते आणि बटण एकाच कप्प्यात होती.

"त्याआधीच्या दोन होळ्यांना काय केलं होतं?" वकिलानं धरलंच.

एका वर्षी ती हॉस्पिटलात होती. एका वर्षी सिलिंडर भरलेला होता. त्या वर्षी दुपारी दुसरीकडे काहीतरी बिघडलं, दोन तास लाइट नव्हती आणि सिलिंडर त्यात संपला. भरून देणाऱ्याचं दुकान सणाचं बंद.

सोमवार होता. फाल्गुनाची पौर्णिमा. सात वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी त्यानं फ्यूज काढले. मी चौकातच होतो, सुट्टीवर. लाइट गेली तशी सगळ्यांनी आरोळी ठोकली. होळी पेटली. तो जाळ… दुमजली उंच. आणि मग बोंबा. मुख्याध्यापकाच्या नावानं. पाणीवाल्याच्या नावानं. कुणाच्या जावयाच्या नावानं. ज्याचं नाव निघेल त्यानं हसायचं आणि हात जोडायचे, अशी रीत.

मग कुणीतरी म्हणालं, अंधार कुणी केला? वायरमननं. घ्या वायरमनचं नाव. सगळ्यांनी तोंडावर हात मारून बोंब ठोकली. वायरमन पिशवी खांद्याला लावून जाळाशेजारी उभा. त्यानं हात जोडले. लोक हसले.

आणि मागून, वरून, एक बाईचा आवाज आला.

"वायरमन… ओ वायरमन…"

ऐकू सगळ्यांना आलं. मला आलं. त्यालाही आलं. माझ्याशेजारचा म्हणाला, "आज शिवणबाईपण रंगात आल्या." आणि आम्ही काय केलं? आम्ही ते उचललं. ती वरून ओरडायची, "वायरमन…" आणि खालून शंभर माणसं तोंडावर हात मारत, "वायरमन…" तिनं पुन्हा हाक मारली की आम्ही पुन्हा. चांगली दहा मिनिटं चाललं. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. माझा आवाज आधीपासूनच मोठा.

मग ती थांबली. आम्ही दुसऱ्याचं नाव घेतलं.

काका थांबले. पंडितानं ढिगातली एक काटकी काढली आणि परत तिथंच खोचली.

नऊ वाजून पाच मिनिटांनी जाळ बसला आणि त्यानं फ्यूज लावले. मोबाइल बघितला. सतरा मिस्ड कॉल. नंबर ओळखायला त्याला रजिस्टर लागलं नाही.

आम्ही वर गेलो तेव्हा दार उघडंच होतं. लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू झालं होतं. फुस्स… धप्प. आत्या जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, बटण मांडीवर. ती पोरीला घेऊन खाली का आली नाही, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. कुठं येणार? तीन जिने अंधाराचे, पुढे बोळ, बोळाच्या तोंडाशी आग. आणि दर मिनिटाला तिला वाटत होतं की आता येईल. आता येईल. लाइट गेल्यावर आपल्याला वाटतंच ना तसं.

पंडिता, तुझ्या गोष्टीत आत्या जळते आणि मूल वाचतं. आमच्याकडे उलटं झालं. आत्या वाचली.

तिनं तक्रार केली नाही. वायरमन वाट बघत होता तक्रारीची. ऑफिसात रोज विचारायचा, काही आलं का. शेवटी स्वतःच साहेबांकडे गेला. साहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं. त्या तारखेला, त्या वेळेला, त्या लाइनीवर काही नोंद नाही. साहेब म्हणाले, "अरे बाबा, त्या रात्री लाइट गेलीच नव्हती." समजलं? कागदावर अंधार झालाच नाही. मग पोर कशानं गेली? आजारी होती, गेली.

महिन्याभरात आत्या खोली सोडून गेली. कुठं, कुणाला माहीत नाही. मालकानं कुलूप घातलं. पुढे वीज जोडणीही तोडली, मीटर काढून नेलं. ते काम वायरमनच्याच वाट्याला आलं.

"भूत कुठंय यात?" वकील म्हणाला. पण आवाज खाली आला होता.

येतंय. घाई काय आहे?

दुसऱ्या वर्षीची होळी. शनिवार. मंडळातलं कुणीतरी आलं आणि म्हणालं, "वायरमन, आठला हं." तेच तीन शब्द. पोर जाऊन वर्षही झालं नव्हतं. हा साहेबांच्या घरी गेला, म्हणाला, या वेळी रजिस्टरात लिहा. साहेब म्हणाले, "लिहिलं तर परवानगी लागेल, परवानगी मागितली तर मिळणार नाही, आणि लाइट चालू राहून तारा वितळल्या तर तूच चढशील. कशाला नवा पायंडा पाडतोस?" हा परत आला. पण सातला ऑफिसात गेला. सुट्टी होती, चावी त्याच्याकडे असायची. कपाट उघडलं, रजिस्टर काढलं. पुठ्ठ्यावरचा लाल नंबर.

त्याला काय हवं होतं ते मला माहीत आहे, कारण त्यानंच सांगितलं. त्याला तो एक फोन करायचा होता. बाई शिव्या देईल, थुंकेल, फोन आपटेल, चालेल. पण राहिलेला फोन त्याला करायचा होता.

साडेसातला त्यानं नंबर लावला. बंद लागेल असं वाटत होतं. वाजला. तीन वेळा.

कुणीतरी उचलला.

बोललं नाही कुणी. पलीकडून एक आवाज येत होता. त्याला आधी वाटलं, लाइनचा दोष. मग…

फुस्स… धप्प.

हा म्हणाला, "ताई, वायरमन बोलतोय. आठ वाजता लाइट घालवतोय. सिलिंडर भरून ठेवा."

काही नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज.

तुम्हाला वाटेल हा घाबरला. नाही. हा रडला आणि त्याला बरं वाटलं. त्याला वाटलं, आत्या कुठंतरी आहे, दुसऱ्या कुणा आजाऱ्याची सेवा करतेय, तिनं ऐकून घेतलं. वर्षभरात पहिल्यांदा तो नीट चालत डीपीपर्यंत गेला. सात अठ्ठावन्नला फ्यूज काढले. पिशवीत टाकले. बोळ काळा झाला. आरोळी. होळी पेटली.

तो जाळाकडे पाठ करून उभा राहिला. मुद्दाम. जाळ बघायचा नाही असं ठरवलं होतं. म्हणून त्याला दिसलं. बाकी कुणाला दिसलं नसणार. जाळाकडे बघणाऱ्याला मागचं काही दिसत नाही.

बोळाच्या बंद टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीत उजेड होता.

वायरमन लोक अशा वेळी भुताचा विचार करत नाहीत. लाइन बंद आणि एका घरात उजेड, म्हणजे कुणीतरी जनरेटर लावलाय आणि त्याची वीज उलटी तारांत येतेय. असल्या उजेडानं खांबावरची माणसं मेली आहेत. बघायलाच हवं. हा टॉर्च घेऊन गेला.

जिना. पहिला मजला, कुणी नाही, सगळे होळीला. दुसरा मजला, कुणी नाही. टॉर्चच्या उजेडात धूळ. तिसरा.

दाराला बाहेरून कुलूप. कुलपावर गंज. आणि दाराखालच्या फटीतून उजेड.

फुस्स… धप्प.

मीटरची जागा भिंतीवर रिकामी. चार खिळ्यांची भोकं. त्यानंच काढलेलं.

फुस्स… धप्प.

"ताई?"

आवाज तसाच. त्यानं दाराला कान लावला. आत मशीन चालू होतं आणि मशीनच्या मधल्या जागेत कुणीतरी श्वास घेत होतं. छोटा. घाईचा. दाराच्या अगदी पलीकडे. त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर.

"बटण?"

श्वास थांबला. ऐकण्यासाठी थांबतात तसा.

मग चौकात बोंब सुरू झाली. आणि फटीतला उजेड… कमी झाला. बॅटरी उतरते तेव्हा होतो तसा. पिवळा. मग तांबूस. मशीनचं अंतर वाढलं. फुस्स…

धप्प.

फुस्स…

त्यानं कुलूप ओढलं. लाथ मारली. दार हलेना. आतून काही नाही. हाक नाही, रडणं नाही. फक्त तो श्वास, आणखी घाईचा. आणि याच्या लक्षात आलं. लाइट कुठंय? लाइट याच्या पिशवीत आहे.

तो धावला. तीन जिने. बोळ. डीपी चौकाच्या पलीकडे. मध्ये आग, आगीभोवती माणसं. हा घुसला. ओरडत होता, "सोडा. लाइट लावायचीय. पोर आत आहे. सोडा मला."

काय झालं असेल?

लोकांनी त्याला हाताला धरून मध्ये ओढलं. वायरमन रंगात आला. तो ओरडला की शंभर जण ओरडायचे. तो "पोर" म्हणाला की ते "पोर" म्हणायचे, तोंडावर हात मारून. त्यानं हात जोडले. लोक हसले. रीतच होती ती. एक जण म्हणाला, "एवढ्यात नाही हं, जाळ बसू दे आधी."

पाच मिनिटं लागली त्याला पंधरा पावलं जायला. सदरा फाटला. डीपीपाशी पोचला. जाळ अजून तारांना लागत होता. तशात फ्यूज लावणं म्हणजे… तो चोख माणूस होता, त्याला ठाऊक होतं. लावले. एक. दोन. तिसरा.

तारांतून ठिणग्यांचा पाऊस पडला. माणसं पळाली. दोघं भाजले. सगळ्या बोळात लखलख उजेड झाला, खिडकी न खिडकी.

फक्त तिसरा मजला काळा. अंधार होता तोवर तिथं लाइट होती. ह्यानं लावली आणि ती गेली.

त्या रात्री मी ड्यूटीवर होतो. साडेदहाला तो सबस्टेशनला आला. धुराचा वास येत होता, बोटं होरपळलेली. माझ्यासमोर बसला आणि हे सगळं एका दमात सांगितलं. शेवटी विचारलं, "मी फोन केला होता ना? या वेळी केला होता ना?" मी म्हणालो, केलास. दुसरं काय म्हणणार?

सकाळी मालकानं कुलूप उघडलं. आत काही नव्हतं. एक कोळ्याचं जाळं आणि भिंतीवर शिवणयंत्र ठेवल्याची खूण. आत्याचा शोध मी घेतला, वर्षभर घेतला. जहाजावरच्या भावाचा पत्ता मिळाला नाही. तो नंबर मी लावून बघितला, अस्तित्वात नाही म्हणून सांगतात. वायरमनला निलंबित केलं. कारण रजिस्टरात लिहिलं, या वेळी व्यवस्थित: परवानगीशिवाय लाइन चालू केली. बंद केल्याबद्दल एक अक्षर नाही.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही लिहून द्यायचं होतं, वर्तमानपत्रात जायचं होतं, त्या शंभर माणसांची नावं घ्यायची होती."

काका माझ्याकडे बघत राहिले.

लिहून दिलं. तीनदा. पोच आहे माझ्याकडे. त्या शंभर जणांकडे गेलो. एकेकाच्या घरी. एकालाही काही ऐकू आलेलं नव्हतं. अजूनही दर वर्षी होळी तिथंच लागते, आठला लाइट जाते. वायरमन नवा आहे.

काका उठले. आम्हाला वाटलं संपलं. ते ओट्याच्या कडेला हात टेकून उभेच राहिले.

एक राहिलं. वायरमन निलंबित झाला त्याला महिना झाला असेल. एका खोलीत राहायचा. एक दिवा, एक पंखा, दुसरं काही नाही. चूलसुद्धा पेटवत नव्हता, डबा यायचा. मी दुपारी त्याच्याकडे बसलो होतो. मीटर वाचणारी पोरगी आली, कंत्राटावरची, नवीन, तिला या कशातलं काही माहीत नव्हतं. तिनं आकडा घेतला, मागचा बघितला, परत घेतला. म्हणाली, नेहमी तीस युनिट जातात, या वेळी अडीचशे कशी?

वायरमन उठला. मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. मीटरवर लाल ठिपका असतो, वीज वापरली की लुकलुकतो. आता तो थांबायला हवा.

मी आणि ती पोरगी ठिपक्याकडे बघत होतो.

लुकलुकला. थांबला. बराच थांबला. लुकलुकला.

मी वायरमनकडे बघितलं. तो ठिपक्याकडे बघत नव्हता. तो खोलीतल्या रिकाम्या पलंगाकडे बघत होता, आणि त्याची छाती त्या ठिपक्याच्या चालीवर वर-खाली होत होती.

पोरीनं आकडा टिपून घेतला, पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता दारातून हसून म्हणाली, "एकटे राहता म्हणता काका, पण हे मीटर काही एकट्या माणसाचं नाही."